न्हाव्याची खुर्ची आणि घाबरणारी मुले



जून महिना जवळ आला की आपल्याकडे वह्या, पुस्तके, गणवेश आणि दप्तरे यांची चर्चा सुरू होते. केसांची चर्चा कोणी करत नाही. पण शाळा उघडण्याच्या आदल्या रविवारी गावातल्या कटिंगच्या दुकानात जरा डोकावून पाहावे. सर्वांत जास्त गर्दी त्या दिवशी असते आणि लहान मुलांचे सर्वांत जास्त रडणेही त्याच दिवशी ऐकू येते. बालवर्गापासून दुसरीपर्यंत प्रत्येक वर्गात अशी दोन-चार मुले दरवर्षी असतातच, की जी गोष्ट ऐकताना हसतात, मैदानावर पडून गुडघा फुटला तरी उठून पळतात, पण न्हाव्याच्या खुर्चीचे नाव काढले की आईचा पदर घट्ट धरतात.

हा विषय काहींना किरकोळ वाटेल. आम्हाला तो तसा वाटत नाही. काही वर्षांपूर्वी पहिलीतला एक मुलगा शाळा सुरू झाल्यावर आठ दिवस वर्गात आला नाही. ताप नव्हता, गावालाही गेला नव्हता. चौकशी केल्यावर कळले, की केस कापताना तो फार हलत होता म्हणून एकाने पाय धरले, दुसऱ्याने डोके दाबले आणि त्या झटापटीत कानाच्या पाळीला मशीन लागली. जखम दोन दिवसांत भरली. पण अर्धवट कापलेले डोके घेऊन वर्गात बसायला तो तयार होईना. आला तेव्हा जूनच्या उकाड्यात कानटोपी घालून आला. त्यानंतर वर्षभर कोणी मागून खांद्यावर हात ठेवला तरी तो दचकत असे. पाच मिनिटांत काम उरकावे म्हणून घरच्यांनी जोर लावला आणि त्याची किंमत त्या लेकराने वर्षभर मोजली. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. घाई होती, आणि मूल हट्टी आहे अशी समजूत होती.

या समजुतीबद्दलच आम्हाला प्रथम बोलायचे आहे. केस कापताना रडणारे मूल हट्ट करत नसते, ते घाबरलेले असते. हट्टी मूल खाऊ दिला की गप्प बसते. घाबरलेले मूल खाऊ हातात धरूनही रडत राहते. हा फरक घरातल्या घरात ओळखता येतो.

आता मुलांनो, तुमच्यासाठी थोडे विज्ञान. केस कापल्यावर दुखते का? दुखत नाही. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. आपल्याला दिसतो तो केस केरॅटिन नावाच्या पदार्थाचा असतो. नखेही त्याचीच बनलेली असतात. त्यात रक्त नसते आणि मज्जातंतूही नसतात. नख कापताना दुखत नाही, तसेच हे आहे. मग केस ओढला की का दुखते? कारण केसाचे मूळ त्वचेच्या आत असते आणि त्या मुळाभोवती मज्जातंतूंची जाळी असते. म्हणजे कात्रीने दुखत नाही, ओढल्याने दुखते. धार गेलेली कात्री किंवा बोथट मशीन केस कापण्याऐवजी ओढते आणि मूल ओरडते. मूल "दुखलं" म्हणाले तर पुष्कळदा ते खरेच दुखलेले असते. त्याला "खोटं बोलू नको" म्हणण्याआधी मशीनची धार पाहावी. आणि कापलेले केस कायमचे जात नाहीत बरे का. ते महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. भिंतीवर उंची मोजता तशी केसांची लांबी पट्टीने मोजून वहीत लिहा, म्हणजे स्वतःच पाहाल.

मोठ्यांना न जाणवणाऱ्या आणखी काही गोष्टी या खुर्चीत घडतात. मशीनचा आवाज आपण दोन हात लांबून ऐकतो तेव्हा तो बारीक गुणगुण वाटतो. तीच मशीन कानामागच्या हाडाला टेकली की आवाज हवेतून येतो तसा हाडातूनही थेट आतल्या कानापर्यंत पोहोचतो. मुलाला तो कितीतरी मोठा ऐकू येतो. गळ्याभोवती कापड आवळलेले असते, हात त्या कापडाखाली गेलेले असतात आणि मान वाकवलेली असते. पाठीमागे अनोळखी माणूस धारदार वस्तू घेऊन उभा असतो आणि "हलू नको" असा हुकूम असतो. खुर्चीच्या दोन्ही हातांवर फळी टाकून त्यावर बसवले असेल तर पायांना आधारही नसतो. एवढे सगळे एकदम आपल्या वाट्याला आले तर आपणही थोडे आखडूच.

आणि यात भर घालतो आपण. "जेवला नाहीस तर न्हाव्याकडे नेईन", "रडलास तर कान कापून हातात देईल." ही वाक्ये आपल्या घरांत, ओसरीवर, बसस्टँडवर सहज बोलली जातात. बोलणारी आजी असो की काका, त्यांच्या मनात थट्टाच असते. पण तीन-चार वर्षांच्या मुलाला थट्टा आणि खरे यांतला फरक कळत नाही. त्याने कान कापण्याची गोष्ट ऐकलेली असते, आणि मग खरोखरच कात्री कानाजवळ कचकच वाजू लागते. ते ओरडणार नाही तर काय करणार?

या धमकीची दुसरी बाजूही आहे. आपल्या शाळेत शेतकऱ्यांची मुले आहेत, मजुरांची आहेत, दुकानदारांची आहेत, तशी केशकर्तन करणाऱ्या घरांतलीही आहेत. वर्गात एखादे मूल "न्हावी कान कापतो" म्हणाले की त्याच वर्गात बसलेल्या दुसऱ्या मुलाच्या वडिलांना आपण बागुलबुवा केलेला असतो. ते मूल काही बोलत नाही, मान खाली घालून पाटीवर रेघोट्या मारते. आम्ही हे पाहिले आहे. गावगाड्यात न्हावी हा बलुतेदार होता. सुगीला धान्याच्या रूपाने त्याला त्याचे बलुते मिळे आणि जावळापासून लग्नकार्यापर्यंत त्याच्यावाचून अडत असे. वारकरी संतांच्या मेळ्यात संत सेना महाराज आहेत, ते याच व्यवसायातले. सेना महाराज भजनात रंगले असता विठ्ठल स्वतः धोकटी घेऊन राजाच्या सेवेला गेला, अशी कथा कीर्तनकार सांगतात. ज्या कामासाठी देव धावून आला असे आपण मानतो, त्याच कामाचे नाव घेऊन मुलांना भिववायचे, हे आम्हाला पटत नाही.

खरे म्हणजे मुलाचे पहिले केस कापताना काय करावे हे आपल्या जुन्या माणसांना चांगले माहीत होते. जावळ आठवा. पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी जावळ काढतात, आणि मूल बसते ते मामाच्या मांडीवर. आपल्या भागाची रचना अशी, की १९५६ साली राज्यांची फेररचना होईपर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते. मग किनवट नांदेडकडे गेले, राजुरा चंद्रपूरकडे गेले, पण सोयरीक कोठे जाणार? अजूनही इकडच्या पुष्कळ मुलांचे मामा तिकडचे आहेत. मामा येतो, नवे कपडे आणतो, भाच्याला मांडीवर घेतो. भोवती आत्या, मावश्या, आज्या असतात. न्हाव्याला टोपी, नारळ, दक्षिणा देऊन त्याचा मान करतात. कोणी हे घरी करते, कोणी माहूरला, कोणी बासरला, तर कोणी नवस फेडायला वेमुलवाडा किंवा तिरुपतीला जाते. तेलुगू घरांत या पहिल्या केसांना 'पुट्टु वेंट्रुकलु' म्हणतात, आणि तिरुमलला केस देण्याची जी मोठी जागा आहे तिला 'कल्याणकट्टा'. भाषा वेगळी, रीत जवळजवळ तीच.

म्हणजे परक्याच्या हातात वस्तरा असला तरी मूल आपल्या माणसाच्या अंगाला टेकलेले असे, आणि सगळे घर त्या वेळी फक्त त्याच्याकडे पाहत असे. मूल रडले तरी कोणी रागावत नसे, लोक कौतुकानेच हसत. मग दुसऱ्या वेळी असे काय होते? मामा नसतो, मांडी नसते. वडिलांना शेतावर किंवा ड्यूटीवर जायचे असते. रांगेत सहा माणसे थांबलेली असतात. पहिल्या वेळी जो आधार दिला तो दुसऱ्या वेळी एकदम काढून घेतला जातो. आमचे म्हणणे एवढेच, की मांडी आणखी काही वर्षे चालू ठेवावी. दुकानाच्या मोठ्या खुर्चीत आधी वडिलांनी बसावे आणि मुलाला मांडीवर घ्यावे. केस वडिलांच्या कपड्यांवर पडतील, घरी जाऊन आंघोळ करावी.

भीती कशी कमी होते याचा अभ्यास शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स नावाच्या बाईंनी पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलावर केलेले काम १९२४ साली प्रसिद्ध झाले. हा पीटर सशाला घाबरत असे. बाईंनी त्याला ससा धरायला लावले नाही. तो आवडीचे खात बसलेला असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. तो रडला नाही तेव्हा पुढच्या वेळी थोडा जवळ आणला. सशाला न घाबरणारी मुलेही त्याच्याबरोबर खेळायला बोलावली. असे करत करत शेवटी सशाने बोटे कुरतडली तरी पीटर शांत राहिला. यात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. भीतीची वस्तू एकदम अंगावर आणली नाही, आणि ती जवळ आली तेव्हा मुलाचे मन चांगल्या गोष्टीत होते. पाय धरून डोके दाबणे हे याच्या नेमके उलट आहे. त्याने केस कापले जातात, भीती मात्र वाढते, आणि दोन महिन्यांनी केस पुन्हा वाढल्यावर ती पहिल्यापेक्षा मोठी होऊन समोर येते.

आता हे आपल्या बाजारहत्नूरात किंवा आजूबाजूच्या गावांत कसे करावे? पहिली भेट केस न कापता द्यावी. बाजाराला निघालात की मुलाला घेऊन दुकानासमोर दोन मिनिटे थांबा. फवाऱ्यातले पाणी उडताना, आरशात आरसा दिसताना, मानेवर पावडर लावताना त्याला पाहू द्या. दुसऱ्या वेळी वडिलांनी किंवा मोठ्या भावाने केस कापून घ्यावेत आणि मुलाने बाकावर बसून पाहावे. मोठा भाऊ नसेल तर शेजारचा, न घाबरणारा मित्र चालेल. उलट, ज्या दिवशी दुसरे मूल दुकानात जोरजोरात रडत असेल त्या दिवशी तिथून सरळ पुढे जावे. भीती पाहूनही लागते.

घरी खेळ करावा. आईची ओढणी गळ्याभोवती, हातात कंगवा, आणि बोटांची कात्री. आधी मुलाने बाहुलीचे केस 'कापावेत', मग बाबांचे, मग बाबांनी त्याचे. मुलाला न्हावी होऊ देणे हा यातला खरा भाग आहे, कारण तेव्हा कात्री त्याच्या हुकमात असते. (खरी कात्री कपाटातच ठेवावी. नाहीतर ताईची वेणी जायची.) कानामागे, मानेवर बोट फिरवून "इथे गुदगुल्या होतील" असे आधीच सांगावे. मोबाइलवर मशीनचा आवाज आधी लहान आणि मग थोडा मोठा करून ऐकवता येतो.

वेळ निवडणे फार महत्त्वाचे आहे. रविवार टाळावा. आपल्याकडे बहुतेक दुकाने मंगळवारी बंद असतात आणि महाराष्ट्राच्या बाजूला सोमवारी, त्यामुळे किनवटला मामाकडे गेल्यावर कापू म्हणणाऱ्यांनी वार आधी विचारावा. मुलाला मनाची तयारी करायला लावून दुकान बंद सापडले, तर ती तयारी वाया जाते. मधल्या वारी सकाळी लवकर, दुकानात दुसरे कोणी नसताना जावे. मुलाचे पोट भरलेले आणि झोप झालेली असावी. आणि फसवून नेऊ नये. "आइस्क्रीम खायला जाऊ" म्हणून नेले आणि खुर्चीत बसवले, तर पुढच्या वेळी आइस्क्रीमचे नाव काढले तरी ते रडेल, आणि आपल्या शब्दावरचा त्याचा विश्वास जाईल तो वेगळाच.

एक अडचण आपल्या भागातलीच आहे. मुलाची घरची भाषा मराठी, शाळेत मराठी, आणि दुकानातले अन्ना पुष्कळदा तेलुगू बोलणारे. ते मायेनेच काहीतरी म्हणतात, पण मुलाला ते ओरडणे वाटते. म्हणून जाण्यापूर्वी त्याला तीन शब्द शिकवावेत. 'आगंडी' म्हणजे थांबा. 'नोप्पी' म्हणजे दुखते. 'चालु' म्हणजे पुरे. या तिसऱ्या शब्दावरून गंमत होते. आपण "मशीन चालू" म्हणतो तेव्हा अन्नांना "पुरे" ऐकू येते आणि ते मशीन ठेवून देतात! तर 'आगंडी' हा शब्द सर्वांत उपयोगी. मुलाने तो म्हटला की हात थांबेल, एवढे अन्नांशी आधी ठरवून घ्यावे. पहिल्या दिवशी मूल दहा वेळा 'आगंडी' म्हणेल, आणि खरेच थांबतात का ते पाहील. थांबले की त्याचे अर्धे भय जाते. आणि गंमत म्हणजे तेलुगूतला 'क्षवरम्' आणि आपला 'क्षौर' हे शब्द एकाच मुळातून आले आहेत. पाचवी-सहावीच्या मुलांनी असे आणखी शब्द शोधून आणावेत. पुढच्या अंकात छापू.

खुर्चीत बसल्यावर पहिल्या वेळी मशीन नकोच. कात्रीने कापावे, थोडे वाकडे झाले तरी चालेल. मशीन लावायचीच असेल तर आधी बंद मशीन मुलाच्या हातात द्यावी, मग चालू करून दूर धरावी, मग त्याच्या तळहातावर टेकवावी, आणि डोक्याला सर्वांत शेवटी. कापडाखाली हात अडकले की गुदमरते, म्हणून हात बाहेर ठेवावेत आणि एका हातात आवडीची वस्तू असावी. डोळ्यांवर येणारे केस शेवटी कापावेत. "झालंच, झालंच" असे पंधरा वेळा खोटे म्हणण्यापेक्षा "आता वीस मोजू, मग थांबू" म्हणावे आणि वीसला खरोखर थांबावे. एकाच वेळी सगळे डोके झाले पाहिजे असा नियम कोठे आहे? आज मागची बाजू, परवा कानाजवळची. दुकानदाराला दोनदा पैसे द्यावे लागले तरी द्यावेत.

काही मुलांना मात्र एवढे करूनही जमत नाही. त्यांना शर्टाची मागची चिठ्ठी टोचते, कुकरच्या शिट्टीने ती कान झाकतात, डोक्याला तेल लावू देत नाहीत, नखे कापतानाही असाच आकांत करतात. अशा मुलांना स्पर्श आणि आवाज आपल्यापेक्षा तीव्र जाणवतात. स्वमग्न मुलांमध्ये हे बऱ्याचदा दिसते, पण असे प्रत्येक मूल स्वमग्न असते असे नाही. २०१५ साली ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातल्या जेम्स विल्यम्स या न्हाव्याचे छायाचित्र जगभर गाजले. एक लहान स्वमग्न मुलगा खुर्चीत बसतच नव्हता. कित्येक महिने प्रयत्न झाले. शेवटी मुलगा जमिनीवर मोबाइल पाहत बसला असताना हा न्हावी त्याच्या शेजारी फरशीवर आडवा झाला आणि तसेच केस कापले. आपल्या गावातही दुकानाच्या पायरीवर किंवा घराच्या अंगणात केस कापायला कोणी नाही म्हणणार नाही, विचारून तर पाहावे. मूल बोलण्यात, खेळण्यातही मागे वाटत असेल तर वर्गशिक्षकांना भेटावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि तेलंगणात विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी 'भविता' केंद्रे आहेत. तेथे कसे जायचे ते आम्ही सांगू.

मुलींबद्दलही थोडे. त्यांना कात्रीपेक्षा विंचरण्याचे भय जास्त असते. गुंता वरून खाली ओढत आणला की डोळ्यांत पाणी येते. टोकापासून सुरुवात करून हळूहळू वर जावे आणि विंचरताना वरचे केस मुठीत धरावेत, म्हणजे मुळांना हिसका बसत नाही. उवा झाल्या म्हणून मुलीचे, किंवा मुलाचेही, डोके भादरण्याची गरज नसते. लिखांतून आठ-दहा दिवसांत उवा बाहेर पडतात, म्हणून ओल्या केसांतून बारीक दातांची फणी दर तीन-चार दिवसांनी दोन-तीन आठवडे फिरवली पाहिजे. काम कंटाळवाणे आहे, पण होते. सातवीतल्या मुलीचे केस बळजबरीने कापले गेले, तर ते उवांपेक्षा जास्त दिवस तिच्या लक्षात राहते.

एक प्रसंग असा असतो की तेव्हा घरात कोणाला मुलाकडे पाहायला सवड नसते. आजोबा गेले, वडील गेले, आणि घरातल्या मुलाचे मुंडण झाले. ती घराघराची रीत आहे आणि त्यात आम्ही काही म्हणणार नाही. पण लहान मुलाला कोणी काही सांगितलेले नसते. माणूस गेला, सगळे रडले, मग आपले केस काढले, एवढेच त्याला कळते. त्यानंतर पुष्कळ दिवस कात्री दिसली की त्याला ते घर आठवते. म्हणून कोणीतरी, शक्यतो त्याच्या आवडीच्या माणसाने, त्याला आधी जवळ घेऊन सांगावे की केस का काढतात आणि ते पुन्हा येतात. "मला नको" असे ते म्हणाले तर वडीलधाऱ्यांनी एक बट काढून निभावता येते का याचाही विचार करावा. आणि विद्यार्थ्यांनो, वर्गात कोणी असा चकोट डोक्याने आला तर 'टकल्या' म्हणून हाक मारायची नाही, डोक्यावर टपली मारायची नाही. त्याच्या घरी काय झाले असेल याची तुम्हाला कल्पना नसते.

ब्लेडविषयी पालकांनी संकोच बाळगू नये. वस्तऱ्याला नवे ब्लेड लावले का हे प्रत्येक वेळी विचारावे, कारण कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचे विषाणू रक्त लागलेल्या ब्लेडमधून जाऊ शकतात. चांगला कारागीर या प्रश्नाचा राग मानत नाही. आपल्यासमोर कागद फाडून ब्लेड काढतो.

आता शाळेची बाजू. परिपाठाला केस तपासायचे, वाढलेले दिसले की मुलाला रांगेबाहेर उभे करायचे, आणि काही ठिकाणी तर शिक्षकांनीच कात्री चालवायची, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि मानसिक त्रास देणे या दोन्हींना मनाई आहे. सर्वांसमोर केस कापणे हा त्रास नाही असे कोण म्हणेल? आपल्या शाळेत केसांबद्दल जे सांगायचे ते पालकांना, चिठ्ठीने, आणि मुलाच्या माघारी सांगितले जाते. काही विश्वस्तांचे म्हणणे आहे की यामुळे शिस्त ढिली पडेल. केस स्वच्छ, विंचरलेले आणि डोळ्यांवर न येणारे असावेत, एवढी शिस्त आम्हालाही हवी आहे. ते किती दिवसांत आणि कसे साधायचे, यात मात्र घाबरणाऱ्या मुलाला सवलत असावी. पाच वर्षांच्या मुलाचे केस दोन बोटे जास्त वाढले म्हणून कोणाचा पाढा चुकलेला आमच्या पाहण्यात नाही.

श्रावण वद्य द्वादशीला संत सेना महाराजांची पुण्यतिथी असते. त्या दिवशी सकाळी गावातले दोन केशकर्तन कारागीर बालवर्गात येणार आहेत. केस कोणाचेच कापायचे नाहीत. मुले त्यांची हत्यारे पाहतील, फवारा उडवतील, बंद मशीन हातात धरतील आणि मनात येईल ते विचारतील. त्या दिवसानंतर बालवर्गाच्या कोपऱ्यात खेळातले कटिंगचे दुकान मांडून ठेवायचे आहे. त्यासाठी एक उंच खुर्ची, न फुटणारा आरसा, दोन कंगवे, रिकामा फवारा आणि अंगावर टाकायला जुनी साडी किंवा लुगडे लागेल. ज्यांच्या घरी या वस्तू पडून असतील त्यांनी त्या शनिवारी दुपारपर्यंत कार्यालयात आणून द्याव्यात. कात्री कोणी आणू नये.